आधी भरलेले उपचार

२०१८च्या सुरुवातीला गोवा सरकारने बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात राज्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लावलं आणि सिंधुदुर्गात खळबळ उडाली. दोडामार्ग, बांदा, सावंतवाडीकडच्या माणसाला मोठं दुखणं आलं की त्याची वाट वर्षानुवर्षं बांबोळीकडेच वळत आली आहे. कोल्हापूर घाटावर, मुंबई रात्रभराच्या प्रवासावर, आणि बांबोळी त्या मानाने जवळ. लोक रस्त्यावर उतरले, पुढाऱ्यांच्या चर्चेच्या फेऱ्या झाल्या, महाराष्ट्राची आरोग्य योजना तिथे लागू करता येईल का याची बोलणी झाली. गोव्याचं म्हणणं होतं की हे रुग्णालय गोव्याच्या करदात्यांच्या पैशावर चालतं. सिंधुदुर्गाचं म्हणणं होतं की सोयरीक, बाजार आणि नोकऱ्या जिथे सीमेच्या दोन्ही बाजूंना पसरल्या आहेत तिथे आजारपणातच सीमा का आठवावी?

दोघांचंही खरं होतं. आरोग्यव्यवस्थांच्या चर्चेत सहसा झाकून राहणारी गोष्ट या भांडणाने उघडी केली. मोफत उपचार म्हणजे कोणीतरी आधीच पैसे भरून ठेवलेले उपचार. ते कोणी भरले, केव्हा भरले, आणि भरणाऱ्यांच्या यादीत आपलं नाव आहे का, एवढ्यावर बाकीचं सगळं ठरतं.

आपल्याकडे हा विषय निघाला की गाडी लगेच ‘सरकारी बरं की खाजगी’ या रुळावर जाते. घराघरांत त्याचे साक्षीदार असतात. लंडनचा भाचा सांगतो, गुडघ्याच्या ऑपरेशनला नंबर लागेना. न्यू जर्सीची मावसबहीण सांगते, रुग्णवाहिका बोलावली त्याचंच बिल पाहून चक्कर आली. डिसेंबरात दोघंही पुण्यात येऊन दात करून घेतात आणि आपली व्यवस्था किती छान आहे असं म्हणून परत जातात. डॉलर आणि पौंड खिशात घेऊन आलेल्या माणसाला कुठलीही व्यवस्था छानच वाटते, हे त्यांना तोंडावर सांगणं जड जातं.

सरकारी आणि खाजगी हा भेद वाटतो तेवढा कामाचा नाही. जपानमधली बहुसंख्य रुग्णालयं खाजगी आहेत, गल्लीतले दवाखाने तर जवळपास सगळेच. तरीही १९६१पासून तिथला प्रत्येक माणूस कुठल्या ना कुठल्या सक्तीच्या विम्यात आहे. ब्रिटनमध्ये रुग्णालयं सरकारी, पण गल्लीतला फॅमिली डॉक्टर बहुतेक वेळा सरकारचा नोकर नसून कंत्राटावर काम करणारा स्वतंत्र व्यावसायिक असतो. जर्मनीत सरकारी, धर्मादाय आणि नफ्यावर चालणारी रुग्णालयं एकाच शहरात शेजारी शेजारी नांदतात. रुग्णालयाच्या दारावरच्या पाटीवरून त्या देशातल्या गरीब माणसाचं काय होतं ते कळत नाही. ते कळतं पैशाच्या वाटेवरून.

ही वाट पहिल्यांदा कायद्याने आखली जर्मनीचे चॅन्सेलर बिस्मार्क यांनी, १८८३मध्ये, आणि ती दयेपोटी नव्हे. समाजवाद्यांकडे झुकणारा कामगार राज्याशी बांधून ठेवायचा होता. आजारपणाच्या विम्याची दोन तृतीयांश वर्गणी कामगाराच्या पगारातून आणि एक तृतीयांश मालकाकडून, असा तो हिशोब. आज जर्मनीत मूळ वर्गणी पगाराच्या १४.६ टक्के आहे, वर विमानिधीनुसार थोडी जादा, आणि ती मालक व कामगार निम्मी-निम्मी भरतात. सुमारे ९० टक्के लोकसंख्या या वैधानिक निधींत आहे. यातली मेख अशी की वर्गणी पगारावर ठरते, आजारावर नाही. मधुमेह, दोन मुलं आणि वयस्क बायको असलेला कारकून आणि पंचविशीतला धडधाकट अविवाहित कारकून सारखाच पगार घेत असतील तर सारखीच वर्गणी भरतात. आपल्याकडच्या मेडिक्लेमचा हप्ता वय वाढेल तसा चढतो आणि जुन्या आजारांना प्रतीक्षाकाळ लागतो. म्हणजे ज्या वयात विमा हवा त्या वयात तो हाताबाहेर जातो. दोन्हींना आपण विमाच म्हणतो, पण एकात निरोगी माणसं आजाऱ्यांचा भार उचलतात, तर दुसऱ्यात कंपनी आजाऱ्यांना शक्य तितकं लांब ठेवते.

ब्रिटनने दुसरी वाट धरली. विल्यम बेव्हरिजचा सामाजिक सुरक्षेवरचा अहवाल १९४२चा, राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली ५ जुलै १९४८ला. महायुद्धाने कंगाल झालेल्या, अजून रेशनवर जगणाऱ्या देशाने ती सुरू केली हे विसरता कामा नये. ‘आधी श्रीमंत होऊ, मग बघू’ असं म्हणणाऱ्यांना हे उदाहरण अडचणीचं आहे. आरोग्यमंत्री अन्युरिन बेव्हन वेल्समधल्या ट्रेडेगर या खाणगावचे. तिथले खाणकामगार पगारातून वर्गणी काढून आपले डॉक्टर नेमत असत. तीच कल्पना बेव्हननी देशभर नेली, फक्त वर्गणीऐवजी पैसा मुख्यतः सर्वसाधारण करातून घेतला. तीनच वर्षांत, १९५१मध्ये, चष्मे आणि कवळ्यांना शुल्क लावायचं ठरलं तेव्हा बेव्हननी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. कवळीसाठी मंत्रिपद सोडणं आज हास्यास्पद वाटेल. पण उपचाराच्या खिडकीवर पैसे मागायचे नाहीत या तत्त्वाला एकदा भोक पडलं की ते मोठंच होत जातं, हे त्यांनी ओळखलं होतं. आज इंग्लंडमध्ये औषधाच्या चिठ्ठीला शुल्क आहे, तर स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये नाही.

ब्रिटिश व्यवस्थेचं दुखणं सगळ्यांना माहीत आहे. इंग्लंडमध्ये नियोजित उपचारांची प्रतीक्षायादी काही वर्षं ७० लाखांच्या वर राहिली आहे आणि १८ आठवड्यांत उपचार सुरू करण्याचं उद्दिष्ट २०१६नंतर गाठलेलं नाही. करातून चालणारी व्यवस्था दरवर्षी अर्थमंत्र्याच्या मर्जीवर असते. हात आखडला की रांग वाढते. तरी रांग आणि बिल या दोन शिक्षांत फरक आहे. रांग त्रास देते, कधी जीवही घेते, पण घर विकायला लावत नाही. शिवाय रांग सगळ्यांना दिसते, दर महिन्याला तिचा आकडा छापून येतो आणि निवडणुकीत तिच्यावरून सरकारं घाम पुसतात. कर्ज काढून ऑपरेशन केलेल्या घराचा आकडा कोणी दर महिन्याला छापत नाही. ऑपरेशनच न केलेल्या माणसाचा तर कधीच नाही.

बांबोळीचा प्रश्न लंडनलाही पडतोच. बाहेरून कामाला येणाऱ्यांकडून २०१५पासून ब्रिटन व्हिसाबरोबर आरोग्य अधिभार घेतं. सुरुवातीला तो वर्षाला २०० पौंड होता, २०२४पासून बहुतेक प्रौढांना १,०३५ पौंड. हिंजवडीतून लंडनला गेलेला अभियंता हा अधिभार आगाऊ भरतो आणि पुढे तिथला करही भरतो. कुंपण आहे, पण त्याला दार आहे आणि दाराचं भाडंही ठरलेलं आहे.

अमेरिकेची गोष्ट वेगळीच. तिथे कोणी बसून व्यवस्था आखलीच नाही. दुसऱ्या महायुद्धात पगारवाढीवर निर्बंध आले, मग कंपन्या कामगारांना आकर्षित करायला आरोग्यविमा देऊ लागल्या, करसवलतीने ती प्रथा पक्की केली. युद्धकाळातली तात्पुरती सोय कायमची झाली आणि नोकरी गेली की विमाही गेला. वृद्ध आणि गरीब यांना यात जागाच नव्हती, म्हणून १९६५मध्ये अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मेडिकेअर आणि मेडिकेड आणलं. २०२३मध्ये अमेरिकेने आरोग्यावर सकल उत्पन्नाच्या १७.६ टक्के खर्च केला, माणशी साडेचौदा हजार डॉलर. आणि तरीही अडीच कोटींहून अधिक लोक विम्याशिवाय राहिले. अमेरिकन माणूस जास्त आजारी पडतो किंवा जास्त वेळा डॉक्टरकडे जातो म्हणून हा खर्च होतो असं नाही. अर्थतज्ज्ञ उवे राइनहार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३मध्ये दाखवून दिलं की मुख्य कारण किमतींचं आहे. तीच तपासणी, तेच औषध, तोच रुग्णालयातला दिवस तिथे महाग, कारण घासाघीस करणारी एकच मोठी ताकद नाही. शेकडो विमा कंपन्या शेकडो दर ठरवतात. मेडिकेअरला तर औषध कंपन्यांशी भावाची बोलणी करायला २००३च्या कायद्यानेच मनाई होती. ती २०२२मध्ये, आणि तीही मोजक्या औषधांपुरती, उठली.

जपानमध्ये दर दोन वर्षांनी देशभरासाठी एकच दरपत्रक निघतं. कुठलाही डॉक्टर, कुठलंही रुग्णालय, दर तोच. २००२मध्ये एमआरआयचे दर मोठ्या प्रमाणात कापले तेव्हा यंत्रं बनवणाऱ्यांनी लहान आणि स्वस्त यंत्रं काढली. आज जपानात माणशी एमआरआय यंत्रांची संख्या जगात सर्वांत जास्त असणाऱ्यांत आहे. रुग्ण सहसा ३० टक्के स्वतः भरतो, त्यालाही उत्पन्नानुसार महिन्याची कमाल मर्यादा. खाजगी डॉक्टरांचा धंदा बुडाला नाही. एवढंच की रुग्णाची अडचण बघून दर सांगता येत नाही.

‘हे सगळे श्रीमंत देश, आपलं तसं नाही’ हे ऐकायची माझी तयारी आहे. म्हणून थायलंडकडे जाऊ, कारण आपल्याला खरं शिकवणारा देश तोच आहे.

२००१मध्ये थक्सिन शिनावात्रा यांचा पक्ष ‘प्रत्येक आजाराला ३० बाट’ अशी घोषणा देऊन निवडून आला. घोषणा राजकारण्याची, पण आराखडा डॉ. सांगुआन नितयारुम्फाँग यांचा. ग्रामीण रुग्णालयात उमेदवारी केलेला हा डॉक्टर पुढे आरोग्य मंत्रालयात गेला आणि अनेक वर्षं हाच विषय घेऊन पक्षांचे दरवाजे ठोठावत राहिला. २००२पर्यंत योजना देशभर लागू झाली. सरकारी नोकर आणि खाजगी क्षेत्रातले संघटित कामगार यांच्या जुन्या योजना तशाच ठेवून उरलेले सगळे, म्हणजे सुमारे पाऊण देश, हिच्यात आले. तेव्हा थायलंडचं दरडोई उत्पन्न होतं वर्षाला १,९०० डॉलरच्या आसपास. तेव्हापासून डॉलरची किंमत किती घसरली ते धरून हिशोब केला तर, दरडोई उत्पन्न पावणेतीन लाख रुपयांच्या पुढे गेलेला आजचा महाराष्ट्र साधारण त्याच पायरीवर उभा आहे.

त्यांनी पैसा करातून घेतला, कारण शेतमजूर आणि फेरीवाला यांच्याकडून दरमहा वर्गणी गोळा करण्यातच तिचा बराच भाग खर्च झाला असता. हा पैसा रुग्णालयांना बिलांप्रमाणे न देता नोंदलेल्या माणसांप्रमाणे दिला; पहिल्या वर्षी माणशी १,२०२ बाट. ओपीडीपासून सगळा उपचार त्या रकमेत बसवायचा. बिलाप्रमाणे पैसे मिळाले तर रुग्णालयाचा फायदा जास्त ऑपरेशनं करण्यात असतो. डोईप्रमाणे मिळाले तर माणूस आजारी न पडण्यात, किंवा लवकर बरा होण्यात. शिवाय नोंद जिल्ह्याच्या जाळ्यात, म्हणजे तालुक्याच्या छोट्या रुग्णालयातून सुरुवात. ही रुग्णालयं आधी उभी होती आणि नव्या डॉक्टरांना काही वर्षं खेड्यात काम करण्याची सक्तीही आधीपासून होती. तिजोरी उघडण्यापूर्वी पैसा जिथे जायचा ती जागा तयार होती, हे महत्त्वाचं. एड्सवरच्या औषधाचा भाव कंपनी उतरवेना तेव्हा २००६च्या अखेरीस सरकारने पेटंट बाजूला सारणारा परवाना काढला. सगळ्या देशाच्या वतीने खरेदी करणारा गिऱ्हाईकच एवढं धाडस करू शकतो.

थायलंडातही सगळं गोड नाही. रुग्णालयं तोट्यात गेली, सरकारी डॉक्टर बँकॉकच्या परदेशी रुग्णांवर चालणाऱ्या पंचतारांकित रुग्णालयांत निघून गेले, मूत्रपिंड निकामी झालेल्यांना डायलिसिस मिळायला २००८ उजाडलं. सरकारी नोकरांच्या योजनेवर माणशी होणारा खर्च आजही सामान्यांच्या योजनेपेक्षा कितीतरी जास्त आहे. तरी खिशातून होणारा खर्च तिथे एकूण आरोग्यखर्चाच्या दहा टक्क्यांच्या आसपास आला. भारताचा हाच आकडा २०२१-२२च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार ३९.४ टक्के. २०१३-१४मध्ये तो ६४.२ होता, म्हणजे सुधारणा झाली आहे. पण सरकारचा खर्च २०२१-२२मध्येही सकल उत्पन्नाच्या १.८४ टक्क्यांवरच होता, आणि २०२५पर्यंत अडीच टक्के हे उद्दिष्ट आपणच २०१७च्या धोरणात लिहिलेलं.

गंमत अशी की दोन्ही वाटा आपल्याला १९४०च्या दशकातच माहीत होत्या, आणि त्यांतली एक आखणारे तर आपल्या ओळखीच्या मुलखाचे. नाशकात जन्मलेले, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६मध्ये, ब्रिटनची सेवा सुरू होण्याच्या दोन वर्षं आधी, मांडलं की पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारावाचून राहू नये. कराच्या पैशावर खेड्यापासून जिल्ह्यापर्यंत साखळी उभारावी. त्याआधी १९४४मध्ये प्रा. बी. पी. अदारकर यांनी कारखान्यातल्या कामगारांसाठी सक्तीच्या आरोग्यविम्याची योजना दिली होती. तिच्यातून १९४८चा राज्य कामगार विमा कायदा आला. भोरांची वाट बेव्हरिजची, अदारकरांची बिस्मार्कची. भोरांच्या साखळीतलं प्राथमिक आरोग्य केंद्र उभं राहिलं, पण डॉक्टर आणि औषध यांवाचून. अदारकरांचा विमा आजही पगाराच्या चार टक्के घेतो (मालकाचे ३.२५, कामगाराचे ०.७५), पण तो महिना २१,००० रुपयांपर्यंतच्या नोंदणीकृत कामगारांपुरता. घरकामाच्या बाई, ऊसतोड कामगार आणि स्वतःचा टेम्पो चालवणारा, हे त्याच्या बाहेरच राहिले.

मग एकविसाव्या शतकात तिसरंच काही सुरू झालं. २०१२मध्ये महाराष्ट्रात आठ जिल्ह्यांपासून राजीव गांधी जीवनदायी योजना आली, २०१७मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं, २०१८मध्ये केंद्राची आयुष्मान भारत तिच्या जोडीला आली. पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकांवरून ती आता सर्वांपर्यंत आली आहे आणि कुटुंबामागे पाच लाखांचं संरक्षण आहे. या योजनांनी हजारो घरं वाचवली; हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या शेतकऱ्याला त्यांची थट्टा ऐकवू नये. पण रचना पाहा. पैसा ब्रिटनप्रमाणे करातून, खर्च अमेरिकेप्रमाणे बिलाबिलावर. यादीतल्या प्रक्रियेसाठी रुग्णालयात भरती व्हाल तर पैसे मिळतात. महिन्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या, साखरेची तपासणी, मुलाचा दमा, ओपीडीचा केसपेपर आणि मेडिकलवर होणारा खर्च, हे बहुतांशी योजनेबाहेर. आणि भारतीय माणसाच्या खिशातला मोठा पैसा जातो तो नेमका तिथेच. मग दहा वर्षं गोळ्या परवडल्या नाहीत म्हणून मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसाचं डायलिसिस आपण मोफत करतो.

धर्मादाय रुग्णालयांचीही एक वाट महाराष्ट्रात आहे. दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत, दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत, आणि त्यासाठी एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत. म्हणजे शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाच्या बिलातून काढलेला कर. आजाऱ्याने दुसऱ्या आजाऱ्याचा भार वाहायचा, ही कल्पना कितीही पुण्याची असली तरी उलटी आहे. भार निरोगी माणसाने वाहायचा असतो.

सरकारला दर ठरवताच येत नाहीत हा आक्षेप महाराष्ट्रात तरी टिकत नाही. करोनाच्या साथीत, मे २०२०मध्ये, राज्याने खाजगी रुग्णालयांच्या ८० टक्के खाटा ठरवून दिलेल्या दरांखाली आणल्या. साधा कक्ष दिवसाला ४,००० रुपये, अतिदक्षता विभाग ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. पीपीई किट आणि औषधांच्या नावाखाली पळवाटा निघाल्या, लेखापरीक्षक नेमावे लागले, तक्रारींचा पाऊस पडला. तरीही दरपत्रक भिंतीवर लागलं आणि रुग्णाच्या नातेवाइकाला बोट ठेवायला आकडा मिळाला. साथ ओसरली तसं ते उतरवलं गेलं. ती क्षमता आपल्याकडे होती आणि आहे. साथीबाहेर ती वापरायची इच्छा नाही.

असे दर कायमचे ठरवायला विरोध होईल, आणि तो सगळा स्वार्थी नसेल. कॅनडात सास्कॅचेवान प्रांताने १ जुलै १९६२ला सर्वांसाठी सार्वजनिक वैद्यकीय विमा सुरू केला तेव्हा डॉक्टरांनी २३ दिवस संप केला. योजनेचे जनक टॉमी डग्लस तोवर केंद्रीय राजकारणात गेले होते. त्यांच्या जागी प्रांताचे प्रमुख झालेले वुड्रो लॉइड डगमगले नाहीत, ब्रिटनमधून डॉक्टर आणून दवाखाने चालवले. शेवटी तडजोड झाली. डॉक्टर सरकारी नोकर झाले नाहीत, आपले दवाखाने आणि प्रत्येक सेवेची फी त्यांनी राखली. पैसे देणारा मात्र रुग्णाऐवजी सार्वजनिक निधी झाला. काही वर्षांतच सगळ्या देशाने तो नमुना उचलला.

महाराष्ट्रात अशी बोलणी करायची तर डॉक्टरांच्या संघटनांची पहिली तक्रार आधीच ठाऊक आहे. फुले योजनेचे दर खर्चाला पुरत नाहीत आणि केलेल्या उपचारांची रक्कम महिनोन्‌महिने अडकते. तालुक्याच्या गावात वीस खाटांचं रुग्णालय चालवणाऱ्या दाम्पत्याला हे खरंच परवडत नाही; योजनेतून बाहेर पडणारी रुग्णालयं तीच असतात. डॉक्टरच्या हातात वेळेवर पैसे पडतील याची खात्री नसेल तर तो रुग्णाकडेच डिपॉझिट मागणार. तेव्हा ओपीडी आणि औषधं योजनेत आणण्याची चर्चा त्या थकलेल्या बिलांपासूनच सुरू करावी लागेल, आणि तिथे आरोग्यमंत्र्याच्या शेजारी अर्थमंत्र्यालाही बसावं लागेल.